पंगतीतून उठलेली मुलं

मराठी बायबलमध्ये ‘चर्च’साठी जो शब्द आहे, तो आपल्या रोजच्या तोंडातला आहे : मंडळी. ‘काय मंडळी, जेवणं झाली का?’ यातली मंडळी. नाटक मंडळी, भजनी मंडळी आणि जुन्या घरांत नवरा बायकोचं नाव न घेता ‘आमची मंडळी’ म्हणायचा, तीही. भाषांतर करणाऱ्यांनी संस्कृतातून एखादा भारदस्त शब्द घडवला असता तरी चाललं असतं. त्यांनी ओसरीवरचा, पंगतीतला शब्द उचलला. हा योगायोग असेलही, पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती लेखनाकडे या शब्दातून पाहिलं की पुस्तकं वेगळीच दिसायला लागतात.

बाबा पदमनजी यांचं ‘अरुणोदय’ हे त्यातलं पहिलं. बाबा आपल्याला ठाऊक असतात ते स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीपुरते : मराठीतली पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’, साल १८५७. त्यांनी स्वतःचं चरित्रही लिहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. सांगितलंच, तर ‘धर्मांतराची कहाणी’ म्हणून सांगतात. मग ज्यांना धर्मांतर आवडत नाही ते पुस्तक उघडत नाहीत, आणि ज्यांना आवडतं ते त्यात साक्ष शोधतात. दोन्हीकडून पुस्तक न वाचलेलंच राहतं. माझं म्हणणं असं की ‘अरुणोदय’ ही मुळात विद्यार्थ्यांची गोष्ट आहे. घर सोडून मुंबईला शिकायला आलेली मुलं काय वाचतात, कुणाबरोबर बसतात, कुणाबरोबर जेवतात आणि त्यातलं घरी किती सांगतात, याची. देव या गोष्टीत आहेच. पण तो बहुतेक वेळा मित्रांच्या घोळक्यातून येतो.

बाबा जन्मले १८३१ मध्ये बेळगावला, कासार कुटुंबात. बेळगावच्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईत आले आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत पोचले. पुढे तिचंच विल्सन कॉलेज झालं. १८५४ मध्ये ते परत बेळगावला जाऊन बाप्तिस्मा घेतात. पुस्तकाचं नाव मात्र या प्रवासाचा निकाल आधीच लावून टाकतं. अरुणोदय म्हणजे पहाट. मग आधीची सगळी पानं आपोआप रात्र ठरतात. व्रतं, पोथ्या, देवघर, सगळं अंधारात ढकलायचं लेखकाने कव्हरवरच ठरवलेलं आहे. आत्मचरित्रकार बाबांच्या खांद्यावर उपदेशक बाबा सारखा हात ठेवतो आणि गोष्ट थांबवतो. हे त्या काळच्या मिशन छापखान्याचं वळण म्हणून सोडून देता येईल, पण वाचक म्हणून मला ते खटकतं. कारण या पुस्तकाची सगळ्यात जिवंत जागा पहाट होण्याआधीची आहे. ज्या वर्षांत बाबांचं काहीच ठरत नव्हतं, ती वर्षं.

त्या वर्षांतली मुंबई आधी समजून घ्यायला हवी. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतला धनजीभाई नवरोजी जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने त्याला त्याच्या मर्जीवर सोडलं, आणि शहरभरच्या पालकांनी आपापली मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहत होता, पण तो अजाण वयाचा. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. खरा पेच इथून पुढे सुरू झाला. मुलगा घरी आला, पण तो मिशनच्या घरात जेवलेला. त्याला पंगतीत घ्यायचं कसं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी बाजू घेतली, तर त्यांच्यावरच मोहोळ उठलं. श्रीपतचा विश्वास काय, त्याने बायबल वाचलं की नाही, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. त्याच्या पोटात काय गेलं, यावर सगळं अडलं होतं.

आपण आज ‘धर्म म्हणजे श्रद्धा’ असं सहज बोलतो. १८४३ च्या मुंबईत धर्म म्हणजे ताट. तुम्ही मनात काहीही माना, बाटता ते तोंडाने.

हे त्या शाळांतल्या हुशार पोरांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, तेव्हा तिचा प्रवेशविधी खाण्यापिण्याचाच होता. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्यामागचं डोकं, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. देव एक, माणसाची जात एक, मूर्तिपूजा नको, ही तत्त्वं. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. एक घास, एक घोट. बस. आणि हे सगळं दार लावून.

बाबा या मंडळीत होते. परमहंसांविषयी आज जे आपल्याला कळतं, त्यातला बराच भाग त्यांनी लिहून ठेवला म्हणून कळतं. ही पानं वाचताना कुणालाही आपला एखादा बंद व्हॉट्सअॅप ग्रुप आठवेल. आत सगळे क्रांतिकारक. बाहेर फॅमिली ग्रुपवर सणाच्या दिवशी हात जोडलेला इमोजी. दिवसा ही मुलं टिळा लावून घरच्या पंगतीत बसत होती, रात्री पाव खाऊन जात मोडत होती. दुसऱ्या दिवशी जात जशीच्या तशी.

त्यांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. १८५० मध्ये कायदा झाला की धर्म किंवा जात सुटली तरी वारसाहक्क जाणार नाही. म्हणजे जमीनजुमल्याची सोय झाली. पण आईच्या हातचं जेवण कोणत्या कायद्याने मिळणार होतं? बहिणीच्या लग्नाचं काय? दादोबांसारख्या माणसाला मराठी भाषेचं व्याकरण १८३६ मध्ये बांधता आलं, घराच्या पंगतीचं व्याकरण एकट्याने बदलता येत नव्हतं. आमच्याकडे सायखेड्याला सप्त्याच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं, दहीलाह्यांचा काला एकमेकांच्या हातून खातात. तेवढ्या वेळापुरता कोण कुणाचा हे खरंच कुणी पाहत नाही. संध्याकाळी घरोघरी चुली पेटल्या की परत ज्याची त्याची आळी. परमहंसांचा पाव हा तसाच, फक्त लपून खाल्लेला काला होता.

बाबांना काय कमी पडलं? माझ्या वाचनात, देव कमी पडला नाही. परमहंसांचा देवही एकच होता, प्रार्थनाही होती. कमी पडली ती उजेडात बसणारी मंडळी. बाप्तिस्मा हा परमहंसांच्या पावाच्या बरोबर उलटा विधी आहे. तिथेही एक घोट, एक घास आहे, पाणी आहे, भाकर आहे. पण ते चारचौघांत होतं आणि मग परत जायची वाट उरत नाही. बाबांनी हे करायला कितीतरी दिवस घेतले. मन तयार होतं, पाय निघत नव्हते. हीच चालढकल या पुस्तकातला खरा नाट्यभाग आहे. तिला लेखक स्वतः थोडा लाजतो, वाचकाने लाजायचं कारण नाही. निर्णय आणि पाऊल यांच्यातल्या त्या फटीत जेवढी मराठी माणसं राहिली आहेत, तेवढी दुसरीकडे कुठे नसतील.

परमहंस मंडळी फुटली ती १८६० च्या सुमारास. मंडळीचे कागद चोरीला गेले, नावं बाहेर पडणार अशी हवा उठली आणि सगळे पांगले. आजच्या भाषेत डेटा लीक. तत्त्वांना कुणी खोडलं नव्हतं, यादीनेच काम केलं. त्यातले काही लोक पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात दिसतात, दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग त्याचे अध्यक्ष. तिथे उघड प्रार्थना होती, पण पावाची अट नव्हती. बाकी समजून घ्या.

आणि यादीचं हत्यार तिथेच बोथट झालं नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावून चहा-बिस्किटं पुढे ठेवली गेली. मग गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्याने, उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. यादीत टिळक होते, रानडे होते. कुणी चहा प्यालं, कुणी नुसता कप हाती धरला, यावर शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. परमहंसांच्या पावाला चाळीस वर्षं झाली होती आणि शहाण्यासुरत्या पुण्यात एका कपावर प्रायश्चित्तं चालली होती. ‘अरुणोदय’ वाचून मग हे प्रकरण वाचावं. बाबांनी बेळगावला काय गमावलं असेल याचा अंदाज येतो.

मिशन शाळेतून निघणारा प्रत्येक रस्ता चर्चकडे जात होता असं नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे तिथलेच सोबती. ही पोरं मिशनऱ्यांच्या छायेत बसून टॉमस पेन वाचत होती, ज्याने चर्चला धारेवर धरलं होतं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबईतल्या बंद खोलीत प्यायलेला पाण्याचा घोट आणि पुण्यातला उघडा हौद, या दोन्हींत एकच विचार आहे. फरक दाराचा आहे.

आता ‘अभ्यास’ या भागाकडे येतो, कारण मंडळी नुसती जेवत नव्हती. इंजिनीअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत दर शुक्रवारी पाच-सहा मुलं बायबल वाचायला जमायची. बहुतेक नगर, श्रीरामपूर भागातली, एक-दोन केरळची. असे गट देशभरच्या कॉलेजांत आहेत. युनियन ऑफ इव्हॅन्जेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही विद्यार्थ्यांची संघटना १९५४ पासूनची. मी त्या खोलीत जायचो ते गिटार आणि चहासाठी. पण बघितलं ते असं : एक उतारा घ्यायचा, प्रत्येकाने एक एक वचन मोठ्याने वाचायचं, मग ‘इथे हा शब्द का आला असेल?’ असं विचारायचं. एका परिच्छेदावर चाळीस मिनिटं. मला शाळेत रसग्रहण शिकवलं गेलं ते पाठ करून. मजकुरावर इतका वेळ, इतक्या जणांनी मिळून, मार्कांशिवाय बसायचं असतं हे मी त्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे निष्कर्ष मला पटले नाहीत, वाचण्याची पद्धत अजून पटते.

बाबांच्या पिढीत या पद्धतीतून काय निघालं ते बघा. बाबांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. ख्रिस्ती झालेले गणपतराव नवलकर यांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं इंग्रजी व्याकरण लिहिलं. आणि तिकडे परमहंसांचे दादोबा, त्यांचं व्याकरण तर पिढ्यान्‌पिढ्या शाळेत. श्रद्धेवरून वेगळ्या झालेल्या माणसांची पुस्तकं मराठी शिकणाऱ्याच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेली. ‘बाटगे’ म्हणून ज्यांना पंगतीतून उठवलं, त्यांनी भाषेचं ताट मांडून ठेवलं. हे वाक्य जरा सजवल्यासारखं झालं खरं, पण कोश उघडून पाहिला की ते तसंच आहे.

पंडिता रमाबाईंचा धडा आणखी तिखट आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या, त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही. त्या काळातला सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पुस्तकरूपात आहे. मास्टर्स, पीएचडी करणाऱ्या कुणीही तो वाचावा. विद्यार्थिनीने गाईडशी कसं भांडावं याचा तो नमुना आहे. त्रैक्य का मानायचं, चमत्कार का मानायचे, धर्मगुरूच्या शब्दापुढे स्वतःची बुद्धी का गहाण टाकायची, सगळं विचारतात. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, हेही. आणि गंमत अशी की इथे ताट उलटं फिरतं. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई शाकाहारी राहतात, अंडं घातलेला पदार्थ खात नाहीत, आणि सिस्टरना तो जातीचा अहंकार वाटतो. म्हणजे मुंबईत खाल्लं म्हणून बाटला, इंग्लंडात खात नाही म्हणून पुरती ख्रिस्ती नाही. रमाबाईंनी दोन्ही पंगतींना एकच उत्तर दिलं, की माझ्या ताटाचं मी बघेन. बाबांच्या पुस्तकात मला हा आवाज मिळत नाही. ते एका मंडळीतून उठले आणि दुसरीत बसले. रमाबाई बसल्यावरही प्रश्न विचारत राहिल्या. पुढे मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी एकटीने बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर काम होत आलं होतं. चाळीस वर्षं चाललेला गृहपाठ.

इथवर आलेली सगळी नावं लिहिता येणाऱ्यांची आहेत. ‘अरुणोदय’ची ही मर्यादा बाबांच्या हातातली नव्हती, पण आपण वाचताना विसरू नये. नगर-नाशिकच्या खेड्यांतली बहुसंख्य ख्रिस्ती माणसं कॉलेजच्या खोलीतून आलेली नाहीत. ती महारवाड्या-मांगवाड्यांतून आली. त्यांना पंगतीतून उठवायचा प्रश्नच नव्हता, कारण पंगतीत बसवलंच कुणी होतं? त्यांच्या पूर्वजांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत.

लिहिण्याची सोय भलत्याच ठिकाणी झाली त्याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. सायखेड्याहून तासाभरावर नाशिकचा शरणपूर रोड आहे. आम्ही तिथे शॉपिंगला जातो. हे शरणपूर म्हणजे १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत होता. लिव्हिंग्स्टन मेल्यावर पुरलेल्या हृदयावर प्रार्थना वाचणारा तोच, झाडावर अक्षरं कोरणारा तोच, रोजनिशी ठेवणारा तोच. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांतही तो होता. नाशकात शिकलेला मुलगा! आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला तो भेटला नाही.

आणि यादी? ती अजून आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशात हिंदूंशिवाय दुसऱ्या धर्माच्या माणसाला जागा नव्हती. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. त्यामुळे शुक्रवारच्या खोलीतल्या एखाद्या मुलासाठी बाप्तिस्म्याचा प्रश्न ॲडमिशनच्या यादीपाशी, जातीच्या दाखल्यापाशी येऊन थांबतो. खोलीत तो मोठ्याने प्रार्थना करतो, फॉर्मवर धर्माचा रकाना आला की पेन थांबतं. १८४९ च्या परमहंसाला उघड व्हायची भीती होती ती वरच्या पंगतीतून उठवतील म्हणून. याला भीती आहे ती जी थोडी जागा कायद्याने मिळाली तीही जाईल म्हणून. दोघांनाही एकाच शब्दात ‘लपून ख्रिस्ती’ म्हणणारे लोक मी पाहिलेत, नातेवाइकांतही आणि चर्चमध्येही.

‘अरुणोदय’मध्ये आणखी एक माणूस कमी पडतो : मागे राहिलेला. उठून जाणाऱ्याची बाजू बाबा सांगतात. ज्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली त्यांची बाजू मराठीत लिहिली गेली ती ऐंशी वर्षांनी, आणि ती आमच्याच गोदावरीकाठच्या बाईने लिहिली. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नदी तिथून खाली आमच्याकडे येते. नवरा १८९५ मध्ये मुंबईला जाऊन ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या मागे राहिलेल्या होत्या. ‘स्मृतिचित्रे’ त्यामुळेच ‘अरुणोदय’पेक्षा मोठं पुस्तक आहे. त्यात पहाट कुठे होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. नवऱ्याकडे परत गेल्यावरही त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एकदा त्या विचार करत बसतात, देवाने माणसं केली की जाती केल्या, आणि जात आतून गळून पडते. त्यानंतर कुणाच्याही हातचं चालतं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे ताट आधी बदललं, विधी मागून आला. हे सांगताना त्या स्वतःला इतक्या हसतात की उपदेश करायला जागाच उरत नाही. बाबांचं पुस्तक संपवून मी हे परत वाचायला घेतलं. त्या दिवसांत घरात सप्त्याच्या पंगतीची यादी चालली होती, कोणत्या आळीला कधी बसवायचं त्याची.